माझे कपलर, तिची गिऱ्हाइकं

शेवटचं काम मी आणि माझ्या बायकोने मिळून केलं, ते रबर कापायचं. शनिवार होता. घरामागच्या गाळ्यात गोणपाट अंथरून समोरासमोर बसलेलो, मधे कपलरांचा ढीग. मिक्सरच्या मोटरीवर दात्यांचं एक काळं चाक असतं. वर भांडं ठेवलं की त्याच्यात अडकतं आणि आतलं पातं फिरतं. ते चाक म्हणजे कपलर. आम्ही ते बनवायचो. साच्यातून निघालं की कडेला जास्तीचं रबर लोंबत असतं, ते बारक्या कात्रीने कापून टाकायचं. अवघड काही नाही. अंगठा दुखतो एवढंच.

ती भराभर कापायची, मी सावकाश. म्हणाली, "तुमचे चार होतात तवर माझे दहा झाले. झोपलात का?"

"कापतोय."

"कापताय का कुरवाळताय?"

मग ती कंपनीच्या पत्राचं काढणार, ते मला तोंडावरून कळलं. मी आधीच म्हटलं, जेवल्यावर बोलू. सुक्या बोंबलाचं कालवण आणि भात होता. जेवलो. ती म्हणाली, जरा पडते. मी गाळ्यात आलो. थोड्या वेळाने चहासाठी हाक मारली, उठली नाही. हलवली, उठली नाही. शेजारच्याने डॉक्टर आणला. तो म्हणाला, हृदय बंद पडलं, झोपेतच. रात्री उशिरा आम्ही स्मशानातून परत आलो.

हे आधीच लिहून टाकलं. मधे कुठे आलं असतं तर मला पुढे लिहिता आलं नसतं. मी चौथी शिकलेलो माणूस आहे. वही मुलीने आणून दिली, शुद्धलेखन तिने बघितलं. बाकी माझं आहे.

आम्ही ठाण्याजवळच्या कळव्याचे कोळी. माझा बाप खाडीत जाळं टाकायचा. मी टाकायच्या वयाचा झालो तेव्हा खाडीत मासळी कमी आणि कारखान्यांचं पाणी जास्त होतं. एकदा जाळं वर काढलं तर त्याला नुसतं काळं तेल. बाप जाळ्याकडे बघत बसला आणि मला म्हणाला, "तू दुसरं काहीतरी बघ." मी ठाण्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत रबराच्या कारखान्यात लागलो. बरीच वर्षं दुसऱ्याच्या प्रेसवर काम केलं. नंतर साच्यात रबर दाबायचा एक जुना हातप्रेस घेतला आणि घरामागे पत्र्याची शेड घातली, तोच हा गाळा. डोंबिवलीत मिक्सर बनवणारी एक कंपनी होती, तिने कपलरचं काम दिलं. दर गुरुवारी टेम्पो यायचा, पोती उचलायचा, जायचा. हे ऐंशीच्या पुढचं सांगतोय. नव्वद उजाडलं तरी तसंच चाललेलं.

आमच्यात एक रीत आहे, ती सांगायला पाहिजे. मासळी पुरुषाने आणायची, विकायची बाईने. होडी काठाला लागली की पुरुषाचं काम संपलं. पाटी बाईच्या डोक्यावर गेली की भाव काय, गिऱ्हाईक कोण, उधार कुणाला, यात त्याने तोंड घालायचं नाही. माझा बाप आयुष्यात एका गिऱ्हाइकाशी शब्द बोलला नसेल. मी पण नाही. खाडी गेली, पण ही सवय अंगातच राहिली. साचा, रबर, प्रेस माझं. टेम्पोवाला, कंपनीचा माणूस, दारात आलेलं कोणीही, तिचं. ती लग्नाआधी ठाण्याच्या नौपाड्यात दारोदार मासळी विकायची. माणूस दार उघडतो कसा त्यावरून घेणार का नाही ते तिला कळायचं.

तिला एकच गोष्ट खटकायची. एकदा पोती शिवता शिवता म्हणाली, "आपला माल कोण खातो?"

मी म्हटलं, "रबर आहे ते. कोण खाणार?"

"तसं नाय हो. पापलेट दिलं तर दुसऱ्या दिवशी ती बाई सांगते, चांगलं होतं, नायतर सांगते, वास मारत होता. हे कपलर जातात कुठे? कोणी कधी सांगितलं का, तुमचा कपलर चांगला का वाईट?"

"कंपनी सांगते ना."

"कंपनी कुठे मसाला वाटते?"

मला तेव्हा ते डोक्यावरून गेलं. मग शेजारणीचा मिक्सर बंद पडला. कपलरचे दाते झिजलेले. कंपनीच्या दुरुस्तीच्या दुकानात सांगितलं, मिक्सर घेऊन या, आठ दिवस लागतील, नाहीतर नवीन घ्या. बायको आमच्या ढिगातला एक कपलर घेऊन गेली आणि पाच मिनिटांत बसवून आली. त्या शेजारणीने नारळाची चटणी पाठवली. ही माझ्यापुढे वाटी ठेवून म्हणाली, "हे आपण बनवतो." चटणी बरी होती, मीठ जास्त होतं.

पुढे आमच्याकडे फोन आला. नंबर लावून किती वर्षं झालेली ते विसरून गेलेलो. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांनी टाय लावलेला एक माणूस गाळ्यावर आला. त्याची कंपनी फोनवर माहिती द्यायची. लोकांनी त्यांना फोन करायचा, सुतार कुठे मिळेल, सतरंजी कुठे धुऊन मिळेल, काहीही विचारायचं. तिकडे मुली काँप्युटरसमोर बसलेल्या, त्या बघून नंबर द्यायच्या. तो म्हणाला, "कोणी मिक्सरचा पार्ट विचारला तर तुमचा नंबर निघेल."

तिने विचारलं, "तुमची मुलगी आमचं नाव कशाला घेईल? ती ओळखते का आम्हाला?"

"काँप्युटर ओळखतो, काकी."

"पैसे?"

"साधं नाव फुकट. वर पाहिजे असेल तर पैसे."

"खालीच लिहा. आम्हाला खाली बसायची सवय आहे."

पहिला फोन वर्तकनगरहून आला. मग नौपाडा, मग कल्याण, मग डोंबिवली. डोंबिवलीची बाई, जिथे कंपनी होती तिथलीच, आणि कळव्याला कपलर विचारतेय. ही फोन ठेवून हसत सुटली.

भानगड अशी की बाईला मिक्सरचं नाव माहीत असतं, कपलर कुठला ते माहीत नसतं. एकाच कंपनीचे चार-पाच प्रकार. दाते वेगळे, रुंदी वेगळी. फोनवर कसं कळणार? हिने यावर इलाज काढला. सांगायची, "चपातीचं पीठ घट्ट मळा, गोळा कपलरवर दाबा, उचला, उन्हात वाळवा आणि घेऊन या." बायका खरंच घेऊन यायच्या. रुमालात, डब्यात, एक बाई तर देवाच्या तांब्यात ठेवून घेऊन आली. पिठाच्या वाळक्या वड्या, त्याच्यावर दात्यांचा ठसा. ती दाते मोजून ठसा आमच्या कपलरांशी ताडून बघायची, जो जुळला तो द्यायची. गाळ्याच्या खिडकीत त्या वड्यांची रांग लागायची आणि चिमण्या टोचायच्या.

तिथेच मी चूक केली. दुसऱ्या एका कंपनीचा मिक्सर सारखा विचारला जात होता, त्याचा कपलर आमच्याकडे नव्हता. एक वडी आलेली, चांगला स्वच्छ ठसा होता. मी त्याच्यावरून माप घेतलं आणि साचा बनवून आणला. सबंध पोतंभर कपलर काढले. त्या मिक्सरवर एकही बसेना. सगळे बारीक. मी साचेवाल्याला शिव्या घातल्या, तो मला घालायला लागला. हिने पोत्यातला एक कपलर घेतला, वडीवर ठेवला. तंतोतंत बसला. मग वडीकडे बघून म्हणाली, "अहो, पीठ वाळलं की आक्रसतं. एवढं पण कळत नाय? सुकं बोंबील ओल्याएवढं असतं का?"

कोळ्याच्या पोराने ही चूक करावी. तिचा भाऊ तो माल जाळ्याला वजन म्हणून घेऊन गेला. तेवढ्या कामाला आला. मला मात्र त्या पोत्याचं दुःख बरेच दिवस होतं. तिला नव्हतं. ती म्हणाली, चुकलं ते घरात चुकलं, कुणाच्या मिक्सरमध्ये नाही. त्यानंतर तिने पीठ बंद केलं. फोनवर सांगायची, रुपयाचं नाणं कपलरवर ठेवा, दाते बाहेर दिसतात का झाकतात ते सांगा, आणि दाते मोजा. त्यावरून तिला कळायला लागलं.

हे फोन म्हणजे कपलरचेच असायचे असं नाही. कपलर दोन मिनिटांत व्हायचा. मग कुणाच्या मुलीचं लग्न ठरत नाही, कुणाची सासू वेगळं वाटण करायला लावते, कुणाच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला. मला प्रेसवरून सगळं ऐकू यायचं. मी म्हणायचो, "फोन ठेव, दुसरीकडून कोणी लावत असेल." ती म्हणायची, "हेच दुसरीकडचे आहेत." सगळ्या तिला मावशी म्हणायच्या. बहुतेकींना तिने बघितलंही नव्हतं.

आमची मुलगी लग्न होऊन कल्याणला गेलेली, पण नौपाड्यात एका काँप्युटर क्लासच्या ऑफिसात कामाला होती. क्लासात इंटरनेट आलं तेव्हा तिने सरांना विचारून आमचं एक पान त्याच्यावर टाकलं. कपलरचे फोटो, दाते किती ते, आणि घरचा फोन. मला तिने ते दाखवायला नेलेलं. पान उघडायला इतका वेळ लागला की मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो. उघडलं तेव्हा माझा कपलर काचेवर दिसला, आहे त्यापेक्षा मोठा. मी मुलीला म्हटलं, "कडेचं रबर नीट कापलेलं नाही यात." ती म्हणाली, "बाबा, तेवढं कोण बघतं." मला ते लागलं.

मग लांबून निरोप यायला लागले. सातारा, नाशिक, एकदा बडोद्याहून. मुलगी ते कागदावर छापून संध्याकाळी कल्याणला जाताना आमच्याकडे आणायची आणि वाचून दाखवायची. ही उत्तर सांगायची, मुलगी लिहून घ्यायची, दुसऱ्या दिवशी क्लासातून पाठवायची. हिने पहिल्या दिवशी विचारलं, "कधी पोचेल?"

"पाठवलं की पोचतं, आई."

"तिने वाचलं का नाय ते कसं कळणार? आवाज नाय, तोंड नाय." मग म्हणाली, "खाली लिही, फोन कर."

प्रत्येक निरोपाखाली ते लिहिलेलं असायचं. आणि बायका करायच्या. एसटीडीचे पैसे घालून करायच्या.

त्याच पानावरून कंपनीला कळलं. खरेदी बघणारे साहेब स्वतः गाळ्यावर आले. बरे होते, इतकी वर्षं कधी आवाज चढवला नाही. पानाचा छापलेला कागद ढिगावर ठेवून म्हणाले, "हे काय आहे?"

ही म्हणाली, "फोटो आहे. चांगला नाय आला."

"तुम्ही आमचे सप्लायर आहात. आमचं गिऱ्हाईक आमच्या दुकानात यायला पाहिजे. तुम्ही परस्पर कसं देता?"

"ते तुमच्या दुकानातूनच परत फिरून येतं, साहेब. तिथे त्याला नवीन मिक्सर घ्या म्हणतात."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी प्रेसकडे बघत होतो. पुढच्या आठवड्यात पत्र आलं. इंटरनेटवरचं पान काढा, फोनवाल्यांच्या यादीतून नाव काढा, नंबर बंद करा किंवा बदला, आणि माल फक्त कंपनीला द्या. सही केलीत तर काम दुप्पट, पाच वर्षांची हमी. नाहीतर टेम्पो येणार नाही. सोमवारपर्यंत कळवा.

खरं सांगतो, मला सही करायची होती. गाळ्याचं बहुतेक काम कंपनीचंच होतं. मी थकलेलो. पन्नाशी गेलेली, प्रेस दाबून खांदा गेलेला. टेम्पो यावा, पोती जावीत, कोणी काही विचारू नये, एवढंच पाहिजे होतं. ती म्हणाली, "नंबर गेला तर आपण परत पहिल्यासारखे. माल कुठे गेला ते ठाऊक नाय."

"ठाऊक असून काय मिळालं?"

"तुम्हाला नाय मिळालं. तुम्ही कधी फोन घेतला?"

असं चार दिवस चाललं. ती बोलायची, मी जेवल्यावर बोलू म्हणायचो. शनिवारी पण तेच म्हणालो.

रविवारी सकाळी घरात बायका बसलेल्या. मुलगी जावयाबरोबर आदल्या संध्याकाळीच कल्याणहून आलेली, तिचे डोळे सुजलेले. सात वाजल्यापासून फोन वाजत होता. रविवारी बायकांना वेळ असतो. मुलगी उठायला लागली की मी म्हणायचो, राहू दे. वाजून वाजून बंद व्हायचा.

मी म्हटलं, "पेन आण. आणि ते पत्र."

"आज, बाबा?"

"उद्या सोमवार आहे."

"आईला नको होतं ते."

"आई नाहीये."

ते मी असं बोललो. तिने पत्र आणि पेन आणून माझ्यापुढे ठेवलं आणि आत गेली. फोन परत वाजायला लागला. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. बंद करायला म्हणून मी उचलला.

"मावशी आहेत का?"

"राँग नंबर," मी म्हटलं आणि ठेवला.

लगेच परत वाजला. "अहो, हाच नंबर आहे. मी डोंबिवलीहून बोलते. मावशींशी मी किती वेळा बोललेय. तुम्ही काका का?"

"ती गेली. काल दुपारी."

मग ती बाई रडायला लागली. माझ्या घरात बसलेल्या बायकांसारखी नाही, हळू, तोंडावर हात ठेवल्यासारखी. म्हणाली, "माझ्या मोठीचं ठरलं ते सांगणार होते मी. मिक्सर नुसतं निमित्त. सॉरी काका. मी ठेवते."

का कुणास ठाऊक, मी म्हटलं, "मिक्सरला काय झालंय?"

"काही नाही, राहू द्या."

"सांगा."

कपलर फाटलेला. नवीन तिच्याकडे होता, हिनेच मागच्या वेळी जोडीने घ्यायला लावलेला. जुना काढायचा कसा ते ती विसरली होती. ते तर मला यायलाच पाहिजे. मी म्हटलं, वायर काढा, मिक्सर आडवा करा, खालून मोटरीला स्क्रू ड्रायव्हर लावून धरा आणि कपलर डावीकडे फिरवा. ती रिसीव्हर खाली ठेवून गेली. आली. म्हणाली, "घट्ट होतोय."

"जोर लावा."

परत गेली, परत आली. "नाही हो काका. मावशींनी बहुतेक उजवीकडे सांगितलेलं."

मला राग आला. "बाई, मी पंधरा वर्षं हे बनवतोय."

"हो, पण सुटत नाहीये."

कपाटावर एक कपलर पडलेला, तो हातात घेतला. मी कपलर नेहमी पालथा धरतो. आटे खालच्या बाजूला असतात, ते तपासायला बोल्टवर चढवायचा आणि उतरवायचा. ती बाजू माझ्या तोंडासमोर. तिकडून बघितलं की डावीकडे फिरवून सुटतो. ही बाई वरून बघत होती. वरून बघितलं तर उजवीकडे. इतकी वर्षं हजारो कपलर हातातून गेले आणि एकदाही मी तो लोकांना दिसतो तिकडून फिरवून बघितला नव्हता.

मी म्हटलं, "उजवीकडे फिरवा. ती सांगायची तसंच करा."

ती गेली. या वेळी लांबून आवाज आला, "सुटला." मग रिसीव्हर उचलून म्हणाली, "आता परत काही लागलं तर याच नंबरवर करू ना?"

घरातल्या बायका ऐकत होत्या. मुलगी आतून दारात येऊन उभी राहिलेली.

"करा," मी म्हटलं. "आणि मुलीचं कुठे ठरलं?"

तिने सांगितलं, उल्हासनगर, मुलगा बँकेत. बरं म्हटलं आणि ठेवला.

मुलीला म्हटलं, "उद्या साहेबांना फोन करून सांग, सही करत नाही."

"टेम्पो बंद होईल, बाबा."

"होऊ दे."

"आणि फोन कोण घेणार? मी तर बुधवारी जाणार."

पेन तिला परत दिलं. स्टूल ओढून फोनपाशी ठेवलं आणि बसलो.